रिकाम्या कोपऱ्यातली बोटं

१

मादाम सोंदाची गिऱ्हाइकं कुणीतरी पळवत होतं, आणि तेही ओल्फाच्या डोळ्यांदेखत.

सोमवारी सकाळी ऑफिसातल्या भिंतीवरच्या पडद्यासमोर ती उभी राहिली, तेव्हा हातातली कॉफी प्यायचंही तिला सुचेना. पडद्यावर 'मीदा'चं पान होतं. मीदा म्हणजे जेवायचा बुटका चौरंग. स्फाक्स शहरातल्या ऑफिसांत आणि दुकानांत दुपारचं घरचं जेवण पोचवणाऱ्या आपल्या वेब ॲपला ओल्फानं मोठ्या हौसेनं दिलेलं नाव. स्वयंपाकघरं दोनच. पानावर डाव्या बाजूला सगळ्यांच्या मावशीच्या, खाल्ती मबरूकाच्या, मर्का नावाच्या माशाच्या रश्श्याचा फोटो, उजव्या बाजूला मादाम सोंदाच्या अंडी घालून भाजलेल्या ताजीनचा, आणि खाली नेटक्या फ्रेंच अक्षरांत दोघींची नावं.

पंधरवड्यापूर्वी या पानाला एक ट्रॅकिंग टूल जोडलं होतं. लोक पानावर कुठं कुठं बोट ठेवतात ते हे टूल टिपायचं, आणि जिथं बोटं जास्त तिथं पान लाल करून दाखवायचं. ते जोडण्याचं काम केलं होतं प्रोग्रामर वजदीनं, सुरू करायचं बटण मात्र ओल्फानं आपल्या मशीनवरून स्वतः दाबलं होतं. त्या दिवशी ऑफिसात केक आणला होता.

आता तिच्यासमोर सोंदाच्या ताजीनवर लालभडक डाग होता आणि मबरूकाचा मर्का जवळजवळ कोरा होता. ऑर्डरींचं चित्र मात्र बरोबर उलटं. मबरूकाची पातेली रोज दुपारी चाटूनपुसून रिकामी होत होती आणि सोंदाकडून मोजकेच डबे निघत होते.

म्हणजे लोक बोट ठेवतात एकीवर आणि ऑर्डर पडते दुसरीला. मध्ये कुणीतरी हात मारत असल्याशिवाय हे व्हायचं नाही. आणि ऑर्डरींच्या यंत्रणेत हात घालता येईल असा माणूस या ऑफिसात एकच होता, वजदी. येत्या वसंतात त्याचं लग्न ठरलं होतं, आणि नवरी होती मबरूकाची मुलगी इन्साफ.

२

वजदी आला तेव्हा ओल्फानं त्याला बसायलाही सांगितलं नाही. पडद्याकडे बोट केलं आणि विचारलं, हे काय आहे. चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून काम केलेला हा मुलगा. त्याच्याबद्दल वाईट विचार करायची तिला सवय नव्हती, आणि म्हणूनच तिचा आवाज नको तितका चढला.

वजदीनं पडद्याकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. ओल्फाला वाटलं होतं तो चिडेल, भांडेल, निदान हसेल. त्यानं खिशातून ऑफिसची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला.

"वजदी, नाही म्हण. मी ऐकीन."

"मला काही म्हणायचं नाही, ओल्फा." आणि तो निघून गेला.

तिनं किल्लीला हात लावला नाही. स्फाक्समध्ये माणसाचं नाव एकदा खराब झालं की ते कानोकानी मासळीबाजारापर्यंत जातं; मग कुठलं लग्न आणि कुठली नोकरी. पोरगा चोर असेल तर त्याला घालवायलाच हवं, आणि नसेल तर आपण त्याच्या आयुष्याची माती करतोय, एवढं तिला कळत होतं. पण तो नाही म्हणत नव्हता त्याचं काय करायचं?

त्याचं उत्तर सापडायच्या आधीच फोन आला. वजदीची बातमी बंदरापर्यंत पोचली असणार; खाल्ती मबरूकानं चूल बंद केली होती. हात दुखतो म्हणे. ज्या बाईनं ताप अंगावर काढून मर्का शिजवला होता, तिचा आज अचानक हात दुखत होता.

ओल्फानं मुकाट्यानं अम्मती दलीलाला फोन लावला.

३

अम्मती दलीला म्हणजे ओल्फाची सख्खी आत्या. उभा जन्म तिनं एका वर्तमानपत्राच्या कचेरीत पानं लावण्यात घालवला होता. तिथून एक पेपर अरबी निघायचा आणि एक फ्रेंच, आणि दोन्हींची पानं हीच लावायची. आता निवृत्त होती, पण घरात काही हरवलं की सगळ्यांना तीच आठवायची. एका लग्नात हरवलेला हार तिनं खुर्चीवरून न उठता शोधून दिला होता, नुसतं कोण कोणाशी बोलत नाही एवढं बघून. ओल्फाला लहानपणापासून या आत्याचं भारी कौतुक आणि थोडीशी भीतीही.

दलीला आली, चष्मा पुसला आणि पडद्यासमोर खुर्ची ओढून बसली. ओल्फा घडाघडा सगळं सांगत होती. आत्याचं लक्ष दोन्ही फोटोंकडे नव्हतंच. ती पानाच्या पार खाली, डाव्या कोपऱ्यात बघत होती.

"इथं काय आहे गं?"

"तिथं? काही नाही. मोकळी जागा आहे."

"मग लाल का?"

ओल्फानं पहिल्यांदाच नीट पाहिलं. खरंच, डावीकडच्या कोऱ्या कोपऱ्यात एक ठसठशीत लाल ठिपका होता. मदतीसाठी फोनचं चिन्ह होतं ते समोरच्या, उजव्या कोपऱ्यात, आणि त्याला मात्र कुणी विचारत नव्हतं. ओल्फा म्हणाली की लोकांची बोटं चुकून लागत असतील, डबा धरताना, टॅक्सीत बसताना.

"स्फाक्सची माणसं," दलीला म्हणाली, "फुकटात बोटसुद्धा झिजवत नाहीत. रिकाम्या जागेवर इतकी बोटं कशाला ठेवतील?"

मग तिनं डबे पोचवणाऱ्या मोंजीला हाक मारली. मोंजी साठीचा, मोटारसायकलवर जन्म गेलेला. आपल्यावर संशय आहे असं समजूनच तो आत आला, हेल्मेट न काढता. दलीलानं त्याला एकच गोष्ट विचारली. ताजीन मागवला आणि मर्का आला, अशी तक्रार या पंधरवड्यात किती जणांनी केली?

"एकानंही नाही," मोंजी ओल्फाकडे वळून म्हणाला. "आणि पोरी, ही माणसं डब्यात ऑलिव्ह एक कमी निघालं तर दारातून परत बोलावतात मला. भलतंच जेवण पोचवलं असतं तर माझी हाडं राहिली असती का?"

ओल्फा खाली बसली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्याच्या घरी चोरी झाली असा एकही माणूस सापडत नव्हता.

"म्हणजे चोरी झालीच नाही?"

"ते मी म्हटलं नाही," दलीला म्हणाली. "चल, सोंदाकडे जाऊ."

४

मादाम सोंदा शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तिच्या स्वयंपाकघरात डाग नावाला नव्हता आणि बोलण्यात तक्रार. तिनं दोघींना लिंबाचं सरबत दिलं आणि शांतपणे सांगितलं की आपल्याला कुणाचा संशय नाही. मबरूकाचा मर्का आपण स्वतः मागवून खाल्लाय, जिरं असं पडतं की वाटीच्या तळाशी पाव पुसत बसावं. लोक तिच्याकडे जातात यात नवल कसलं? आपण थोडंच रांधतो, तेवढं खपतं, आपल्याला पुरे आहे.

प्रतिस्पर्ध्याचं इतकं मोकळं कौतुक ऐकून ओल्फाला बरं वाटलं, आणि अवघडल्यासारखंही झालं. कारण आपण वजदीला जे बोललो ते सगळं या बाईच्या वतीनं बोललो होतो.

"मग मागच्या गुरुवारी तरी तुमच्यावर अशी झुंबड का होती?" ओल्फानं विचारलं. त्या दिवशीचा डाग सगळ्यात गडद होता.

सोंदानं कपाळाला आठ्या घातल्या. "गुरुवारी? गुरुवारी मी केर्केन्ना बेटावर होते. भाचीचं लग्न. माझ्या फोटोवर 'आज बंद' अशी पाटी लावली होती तुम्ही."

ओल्फाला आठवलं. पाटी तिनंच लावायला सांगितली होती. फोटो करडा पडला होता, बटण काढून टाकलं होतं. आणि तरी लोकांनी त्याच बंद दारावर दिवसभर थापा मारल्या होत्या?

दलीलानं सरबताचा पेला खाली ठेवला. तिनं पर्समधून आपला जुना फोन काढला, त्यावर मीदाचं पान उघडलं, डोळ्यांजवळ धरलं आणि हसली. ओल्फानं विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही, पान फार सुरेख लावलंय पोरानं. फोन पुन्हा पर्समध्ये गेला.

"आता मबरूका," ती म्हणाली. "आणि तिथं तू तोंड उघडायचं नाहीस."

५

खाल्ती मबरूकाचं घर बंदराकडच्या गल्लीत. एरवी या वेळेला गल्लीच्या तोंडाशीच कांदा-टोमॅटोचा वास यायचा. आज काही नव्हतं. दार इन्साफनं उघडलं, रडून डोळे सुजलेले. आत मबरूका पालथ्या पातेल्यांसमोर बसली होती. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, आणि बोलता बोलता त्याच हातानं ती ओढणीचं टोक पिळत होती.

ओल्फा दाराशीच बसली. दलीलानं तब्येत विचारली, हवा विचारली, यंदा ऑक्टोपस कसा आहे ते विचारलं. मबरूकानं तीन उत्तरं दिली आणि चौथ्या प्रश्नाची वाट न बघता म्हणाली,

"मीच केलं ते."

इन्साफ दचकून आईकडे बघायला लागली.

"काय केलंत?"

"सोंदाच्या ऑर्डरी माझ्याकडे घेतल्या. वजदीचा काही संबंध नाही. पोराला सोडा."

"कशा घेतल्या?"

"फोनवर." मबरूकानं क्षणभर विचार केला. "बटण दाबून."

"कुठलं बटण?"

"मोठं."

दलीलाचा चेहरा जराही हलला नाही, पण ओल्फानं मान खाली घातली. रोजच्या ऑर्डरी मबरूकाला इन्साफ मोठ्यानं वाचून दाखवते हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. या बाईनं फोन उचलला तो फक्त बहिणीशी बोलायला.

तेवढ्यात ओल्फाच्या फोनवर वजदीचा निरोप आला. तिनं वाचला आणि निमूट आत्याच्या हातात दिला. वजदीनं लिहिलं होतं की ऑर्डरी आपणच फिरवल्या, खाल्तीला आणि इन्साफला यातलं काही ठाऊक नाही, जी शिक्षा द्यायची ती आपल्याला एकट्याला द्यावी.

चोरी एक, कबूल करणारे दोघे. दलीलानं निरोप दोनदा वाचला. मग तिनं मबरूकाचा फडक्यातला हात हातात घेतला आणि थोपटला. ओल्फानं आत्याला कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं. आज पाहिलं.

"सगळ्यांना ऑफिसात बोलाव," दलीला म्हणाली. "आणि त्या पोराला सांग, येताना खोटं घरी ठेवून ये."

६

भिंतीवर तेच पान, तोच लाल डाग. सोंदा ताठ बसली होती, मोंजीनं एकदाचं हेल्मेट काढलं होतं. खाल्ती मबरूका आणि इन्साफ दाराजवळ, आणि वजदी त्यांच्यापासून शक्य तितका लांब. टेबलावर किल्ली तशीच पडलेली.

दलीलानं सुरुवात वजदीपासून केली. "तू सोंदाच्या ऑर्डरी फिरवल्यास म्हणतोस. मग ज्यांच्या फिरवल्यास, त्यांच्यापैकी एकानंही मोंजीचा गळा कसा धरला नाही?"

वजदीनं मोंजीकडे पाहिलं.

"तुला माहीतच नाही काय झालंय ते. हा पडदा बघून तुझ्या मनात आलं की आईसाठी इन्साफनं काहीतरी केलं असणार, तुझ्या मशीनवरून. म्हणून तू गप्प बसलास. आणि खाल्तीच्या मनात आलं की सासूसाठी तू केलं असणार. म्हणून हिचा हात दुखायला लागला."

इन्साफनं आईकडे पाहिलं, मग वजदीकडे. वजदीचे कान लाल झाले होते. मबरूका फडकं सोडवायला लागली.

"आता माझ्याकडे तीनच गोष्टी आहेत," दलीला म्हणाली. "ज्याची फसवणूक झाली असं गिऱ्हाईक नाही. सोंदा गावाला होती त्या दिवशी लोक तिच्या बंद फोटोवर बोटं ठेवत होते. आणि या रिकाम्या कोपऱ्यात रोज गर्दी होते. माणसं अशी वागत नाहीत. वेड लागलं तरी सगळ्या गावाला एकाच कोपऱ्याचं लागत नाही. म्हणजे लोकांची बोटं बरोबर आहेत, त्यांच्या बोटांखाली जे पान आहे ते हे नाहीच."

तिनं पर्समधून फोन काढला आणि पडद्याच्या शेजारी धरला. फोनवर तेच मीदा होतं, पण अरबी. अरबी उजवीकडून डावीकडे वाचतात, तेव्हा पानही उजवीकडून सुरू होत होतं. पहिला फोटो, मबरूकाच्या मर्क्याचा, उजवीकडे. सोंदाचा डावीकडे. आणि मदतीचं चिन्ह खाली, डाव्या कोपऱ्यात, तिथंच, जिथं पडद्यावर कोरी जागा लाल झाली होती.

मोंजी उठून जवळ गेला. एकदा फोन, एकदा पडदा, असं त्यानं दोन-तीनदा बघितलं.

"आमच्या कचेरीत हे रोजचं होतं," दलीला म्हणाली. "फ्रेंच पेपरचा फोटो अरबी पेपरात जसाच्या तसा लावला की खालची नावं उलट्या बाजूनं लागायची आणि गोलरक्षकाच्या नावाखाली पंच यायचा. तुमची गिऱ्हाइकं कोण? दुकानदार, बँकेतल्या मुली, गोदीतली माणसं. सगळ्यांचे फोन अरबीत. पान त्यांच्यासाठी आपोआप उलटं होतं, आणि वजदी, ते तू इतकं सफाईनं केलंयस की मी तुला आमच्या कचेरीत डोळे मिटून घेतलं असतं. पण दोन्ही भाषांना पत्ता एकच दिलास. त्या टूलला वाटलं पान एकच आहे. अरबी पानावर उजवीकडे टेकलेलं बोट त्यानं इमानदारीनं उजवीकडेच दाखवलं. फक्त खाली चित्र फ्रेंच पानाचं होतं."

वजदी पुढं आला होता. पडद्याला नाक लावून तो त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होता. "मी सगळं फ्रेंचमध्येच तपासलं," तो हळूच म्हणाला. "अरबीत एकदाही उघडून बघितलं नाही."

"आणि ते चित्र? ते कुणाच्या मशीनवरचं?"

वजदीला माहीत होतं. टूल सुरू करताना ज्या मशीनवर पान उघडं असतं, त्याचंच चित्र ते घेतं. या पोराची ही दुसरी वेळ होती गप्प बसायची, आणि या वेळी तो कुणाला वाचवतोय हे ओल्फाला स्वच्छ कळलं.

"माझ्या," ओल्फा म्हणाली. "बटण मी दाबलं होतं."

शाळा-कॉलेज फ्रेंचमध्ये, हिशेब फ्रेंचमध्ये, पत्रं फ्रेंचमध्ये. अरबी घरी आईशी बोलायला. मशीन फ्रेंचमध्ये ठेवलंय हे तिला जाणवतही नव्हतं. टूलनं काही खोटं सांगितलं नव्हतं. तिनं त्याला जे दाखवलं त्यावरच त्यानं बोटं उमटवली होती, आणि ती बघून तिनं एका सज्जन पोराला चोर ठरवलं होतं.

सगळ्यांसमोर तिनं माफी मागितली. वजदीची, मग मबरूकाची. शब्द साधेच निघाले, आणि आवाज मधेच तुटला तो तिनं तुटू दिला.

वजदीनं मान हलवली. तिनं किल्ली पुढं केली तर मात्र त्यानं हात मागे घेतला. "मला राग नाही," तो म्हणाला. "पण खाल्तीनं चूल पेटवली तरच."

सगळे मबरूकाकडे बघायला लागले. मबरूका ओल्फाकडे बघत होती.

"माझा मर्का कधी खाल्लायस का गं?"

ओल्फानं किल्ली टेबलावर परत ठेवली. मर्क्याचा फोटो तिनं चार वेळा बदलून घेतला होता, वाफ नीट दिसावी म्हणून. दुपारी ती स्वतः कोपऱ्यावरचं सँडविच खायची, मशीनसमोर.

"वाटलंच," मबरूका म्हणाली. तिनं हातावरचं फडकं घडी करून इन्साफकडे दिलं आणि सोंदाच्या आधारानं जिना उतरून गेली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

७

दुसऱ्या दिवशी वजदी आला, पण पाहुण्यासारखा. त्यानं अरबी आणि फ्रेंच पानांना वेगवेगळे पत्ते दिले, टूलला दोघांची वेगळी चित्रं दिली. काम करताना तो नेहमीसारखा स्वतःशी गुणगुणत होता, आणि किल्ली टेबलाच्या मधोमध होती तिथंच होती. ओल्फा त्याच्या बोटांकडे बघत राहिली. काल ज्याच्यावर आळ आला तो माणूस आज इतक्या मायेनं आपलं काम करू शकतो, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

भिंतीवर आता अरबी पान होतं. डावीकडे सोंदाचा ताजीन. उजवीकडे मर्का, करडा, त्यावर 'आज बंद'. तरी त्याच्यावर लाल ठिपके पडत होते. लोक बंद दार वाजवून बघत होते, काल सोंदाचं वाटलं होतं तेच दार.

ओल्फानं आपला फोन काढला आणि त्याची भाषा बदलली. मीदाचं पान उजवीकडून उघडलं. स्वतःच्या ॲपवर ती पहिल्यांदाच गिऱ्हाईक होऊन आली होती. मर्क्यावर बोट ठेवलं. काही झालं नाही. थोड्या वेळानं पुन्हा ठेवलं.

"ओल्फा, ते दोन्ही ठिपके तुझेच आहेत," वजदी पडद्याकडे बघत म्हणाला.

"माहीत आहे."

जेवणाची वेळ जवळ आली. मोंजी हेल्मेट मांडीवर घेऊन दारात बसला होता. तिघांचंही लक्ष पडद्याकडे होतं.

मग करडा फोटो एकदम रंगात आला. पाटी गेली, बटण आलं. बंदराकडच्या गल्लीत इन्साफनं आईच्या सांगण्यावरून चूल चालू केल्याची खूण केली होती.

ओल्फानं तिसऱ्यांदा बोट ठेवलं. भिंतीवर, उजव्या बाजूला, मबरूकाच्या मर्क्यावर एक नवा लाल ठिपका उमटला आणि खाली पहिली ऑर्डर पडली. तिच्या नावाची.

मोंजीनं हेल्मेट चढवलं. वजदीनं टेबलावरची किल्ली उचलली आणि खिशात टाकली.